स्वमग्न मुलांसाठी मनोविकारांवरील औषधे: निर्णयापासून थांबवण्यापर्यंत पालकांसाठी मार्गदर्शन

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, बरी करणारे औषध नाही. संवादातील अडचणी, इतरांशी नाते जोडण्याची वेगळी रीत, त्याच त्या हालचाली आणि ठरावीकपणाचा आग्रह ही स्वमग्नतेची मूळ लक्षणे होत, आणि ती खात्रीने कमी करते असे सिद्ध झालेले एकही औषध आजमितीस उपलब्ध नाही. तरीही अनेक स्वमग्न मुलांना मनोविकारांवरील औषधे दिली जातात आणि त्यांतील काहींना त्यांचा खरोखर उपयोग होतो. याचे कारण असे, की ही औषधे स्वमग्नतेच्या जोडीने आलेल्या एखाद्या विशिष्ट त्रासावर दिलेली असतात: अनावर चिडचिड, स्वतःला इजा करणे, टोकाची चंचलता, सततची भीती किंवा न लागणारी झोप. म्हणून पालकांनी डॉक्टरांना सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न एकच आहे: हे औषध नेमक्या कोणत्या त्रासासाठी आहे? या प्रश्नाचे उत्तर ‘एकंदर वागणुकीसाठी’ असे मोघम मिळाले, तर पुढे औषध लागू पडले की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही.

पुढील पायऱ्या प्रथमच या वाटेला येणाऱ्या पालकांसाठी आहेत. औषधाची निवड आणि मात्रा ठरवण्याचे काम बालमनोविकारतज्ज्ञाचे किंवा मुलांच्या विकासातील अडचणींचा अनुभव असलेल्या बालरोगतज्ज्ञाचे आहे. लेखात दिलेले आकडे हे पालकांना डॉक्टरांशी नीट बोलता यावे म्हणून आहेत, त्यांवरून घरी मात्रा बदलण्यासाठी नाहीत.

पहिली पायरी: त्रासाला नाव द्या आणि तो मोजा

‘फार त्रास देतो’ किंवा ‘अजिबात ऐकत नाही’ या वर्णनावर उपचार बेतता येत नाही. ‘आठवड्यातून तीन-चार वेळा, बहुधा शाळेतून आल्यावर, डोके भिंतीवर आपटते आणि ते दहा-पंधरा मिनिटे चालते’ या वर्णनावर येतो. औषधाचा विचार सुरू झाल्यावर किमान दोन आठवड्यांची नोंदवही ठेवावी. प्रत्येक प्रसंगाच्या आधी काय चालले होते, प्रत्यक्ष काय घडले, किती वेळ चालले आणि त्यानंतर मुलाला काय मिळाले किंवा कशापासून त्याची सुटका झाली, या चार गोष्टी त्या वहीत असाव्यात. शाळेतील शिक्षकांकडूनही अशीच नोंद मागवावी, कारण केवळ घरी किंवा केवळ शाळेत होणारा त्रास हा बहुतेक वेळा त्या जागेविषयी काही सांगत असतो.

पुष्कळ तज्ज्ञ यासाठी प्रश्नावलीही वापरतात. ‘अ‍ॅबरंट बिहेवियर चेकलिस्ट’ नावाची ५८ प्रश्नांची प्रश्नावली औषधांच्या अभ्यासांत सर्रास वापरली जाते, आणि तिच्यात चिडचिड, एकटेपणाने अलिप्त राहणे, त्याच त्या हालचाली, अतिचंचलता आणि अनुचित बोलणे असे पाच वेगळे गट आहेत. औषध सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर ठरावीक अंतराने ती भरली, तर आठवणीवर विसंबावे लागत नाही.

नोंद करताना हा त्रास नक्की कोणाला होत आहे, हेही तपासावे. हात फडफडवणे, गोल फिरणे, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे यांमुळे मुलाला इजा होत नसेल, त्याचे शिकणे अडत नसेल आणि त्याला त्यातून शांतता मिळत असेल, तर केवळ पाहणाऱ्यांना अवघडल्यासारखे होते म्हणून औषध देणे माझ्या मते समर्थनीय नाही. मूल जितके गप्प तितके बरे, हा औषधोपचाराचा निकष होऊ शकत नाही.

दुसरी पायरी: शरीरातील कारण शोधा

ही पायरी सर्वांत अधिक वेळा गाळली जाते आणि तिच्यामुळेच सर्वांत अधिक अनावश्यक औषधे टळू शकतात. जे मूल बोलत नाही, किंवा बोलत असले तरी शरीरातील वेदना कुठे आणि कशी आहे हे सांगू शकत नाही, त्याची वेदना बहुधा वागणुकीतून बाहेर पडते. महिनोन्महिने शांत असलेले मूल काही दिवसांतच आक्रमक झाले, स्वतःच्या गालावर किंवा कानावर मारू लागले, जेवण टाळू लागले किंवा रात्री किंचाळून उठू लागले, तर मानसोपचारापूर्वी शारीरिक तपासणी व्हायला हवी.

तपासणीत दात आणि हिरड्या, कान, घसा, पोट या क्रमाने पाहिले तरी बरेच काही सापडते. किडलेला दात आणि बद्धकोष्ठता ही दोन कारणे तर इतकी सामान्य आहेत, की ती नाहीत असे सिद्ध होईपर्यंत ती आहेत असे धरून चालावे. स्वमग्न मुलांमध्ये बद्धकोष्ठता वारंवार आढळते. रोज थोडे शौचास होते एवढ्यावरून ती नाकारता येत नाही, कारण आत मळ साठून राहिलेला असतानाही बाजूने पातळ शौच होऊ शकते. त्याशिवाय जठरातील आम्ल वर येणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, डोकेदुखी, त्वचेची खाज, वयात आलेल्या मुलींमध्ये पाळीच्या वेदना आणि लोहाची कमतरता यांचाही विचार करावा. शरीरातील लोहाचा साठा कमी असल्यास पाय अस्वस्थ होऊन झोप मोडते, आणि त्यावर झोपेचे औषध देण्यापेक्षा लोहाची तपासणी करणे शहाणपणाचे ठरते.

अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचा, उल्लेख वेगळा करायला हवा. स्वमग्न मुलांमध्ये त्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा बरेच अधिक असते, आणि बौद्धिक अक्षमता सोबत असल्यास ते आणखी वाढते. क्षणभर नजर स्थिर होणे, हाक मारूनही काही सेकंद प्रतिसाद न देणे, नंतर गोंधळून जाणे किंवा गाढ झोपणे, शिकलेली कौशल्ये हरवणे असे काही दिसले, तर मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाचा सल्ला आधी घ्यावा. अपस्मारावरील काही औषधांमुळेही चिडचिड वाढते. लेव्हेटिरासिटाम हे त्याचे परिचित उदाहरण आहे. मूल आधीपासून जे जे औषध घेत आहे, त्याची यादी म्हणूनच तपासणीच्या वेळी सोबत असावी.

तिसरी पायरी: औषधाविना काय करता येईल ते आधी, किंवा निदान सोबत, करा

मुलाची अडचण जर ‘मला हे नको’ किंवा ‘मला थांबायचे आहे’ हे सांगता न येण्याची असेल, तर चित्रे, खुणा किंवा बोलके यंत्र यांद्वारे ते सांगण्याची सोय करून देणे हाच तिचा उपचार आहे. गोळीने ते शब्द येत नाहीत. आवाज, उजेड, गर्दी यांचा त्रास कमी करणे, दिवसाचे वेळापत्रक चित्रांनी दाखवणे आणि बदलाची पूर्वसूचना देणे हे उपाय सर्वपरिचित आहेत.

पालक-प्रशिक्षणाविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण ‘पालकांना शिकवणे’ म्हणजे पालकांवर दोषारोप असा समज त्यामुळे उगाच होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ३ ते ७ वर्षे वयाच्या १८० स्वमग्न मुलांच्या पालकांना दोन गटांत विभागले होते. एका गटाला वागणूक हाताळण्याच्या प्रत्यक्ष पद्धती शिकवल्या, तर दुसऱ्याला स्वमग्नतेविषयी केवळ माहिती दिली. २४ आठवड्यांनंतर पहिल्या गटात चिडचिडीच्या गुणांकात सुमारे ४८ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ३२ टक्के घट झाली. ज्या मुलांना औषधाची गरज होती अशा मुलांच्या आणखी एका अभ्यासात, केवळ रिस्पेरिडोन घेणाऱ्यांपेक्षा रिस्पेरिडोनसोबत पालक-प्रशिक्षण मिळालेल्यांची गंभीर वागणूक अधिक सुधारली, आणि तीही काहीशा कमी मात्रेवर. म्हणजे औषध सुरू झाले तरी हे काम सुटत नाही.

तरीही सर्व उपाय संपेपर्यंत औषध अडवून ठेवावे, असा याचा अर्थ नाही. मूल डोळ्यावर मारून घेत असेल, चावून जखमा करत असेल, भावंडांना गंभीर इजा होत असेल, किंवा त्याचा उद्रेक इतका वारंवार होत असेल की थेरपिस्टला त्याच्यासोबत बसणेही अशक्य व्हावे, तर औषध आणि इतर उपाय एकाच वेळी सुरू करणे योग्य असते. अशा वेळी औषध टाळणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचेही परिणाम मुलाला भोगावे लागतात.

चौथी पायरी: कोणत्या त्रासासाठी कोणते औषध, हे समजून घ्या

तीव्र चिडचिड, आक्रमकता आणि स्वतःला इजा करणे यांसाठी सर्वाधिक पुरावा असलेली दोन औषधे रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल ही आहेत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने स्वमग्न मुलांमधील चिडचिडीसाठी रिस्पेरिडोनला २००६ मध्ये (५ ते १६ वर्षे) आणि अ‍ॅरिपिप्राझोलला २००९ मध्ये (६ ते १७ वर्षे) मान्यता दिली. ही औषधे स्किझोफ्रेनियासाठीही वापरली जातात, परंतु ती लिहून दिली म्हणून मुलाला तो आजार आहे असे समजू नये. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०१ मुलांच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासात रिस्पेरिडोन घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली, तर निष्क्रिय गोळी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) घेणाऱ्यांपैकी केवळ १२ टक्के मुलांमध्ये. बालमनोविकारशास्त्रात एवढे मोठे अंतर क्वचित दिसते. मात्र त्याच आठ आठवड्यांत रिस्पेरिडोन घेणाऱ्या मुलांचे वजन सरासरी २.७ किलो वाढले, तर दुसऱ्या गटाचे ०.८ किलो. लाभ आणि किंमत दोन्ही एकाच अभ्यासात इतक्या स्पष्टपणे दिसल्यामुळे मी पालकांना हे आकडे लक्षात ठेवायला सांगतो.

अतिचंचलता आणि एकाग्रतेच्या अभावासाठी मेथिलफेनिडेट वापरले जाते. स्वमग्न नसलेल्या अतिचंचल मुलांमध्ये ते जितके परिणामकारक ठरते, तितके स्वमग्न मुलांमध्ये ठरत नाही. २००५ च्या ७२ मुलांच्या अभ्यासात ४९ टक्के मुलांना लाभ झाला आणि १८ टक्के मुलांना दुष्परिणामांमुळे, विशेषतः चिडचिडीमुळे, ते सोडावे लागले. भूक मंदावणे आणि झोप उशिरा लागणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. त्याचा एक मोठा फायदा असा, की ते लवकर काम करते आणि लवकर शरीराबाहेर जाते, त्यामुळे ते लागू पडते की नाही हे काही दिवसांतच कळू शकते. ते सोसत नसल्यास ग्वानफॅसिन, क्लोनिडिन किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिन यांचा विचार होतो. ग्वानफॅसिन आणि क्लोनिडिन यांनी झोपाळूपणा येतो आणि रक्तदाब उतरतो, आणि ही दोन औषधे एकाएकी बंद केली तर रक्तदाब उसळू शकतो.

चिंता आणि नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधे दिली जातात. मुलाला खरोखरच चिंतेचा विकार असेल तर त्यांचा विचार करता येतो. परंतु ‘तीच ती कृती कमी व्हावी’ या हेतूने ती देण्यास आधार तोकडा आहे. २००९ मध्ये १४९ मुलांवर झालेल्या सिटालोप्रामच्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ३४ टक्के मुले सुधारली. म्हणजे औषधाचा स्वतंत्र लाभ शून्य. उलट औषध घेणाऱ्यांमध्ये उतावळेपणा, चंचलता आणि निद्रानाश अधिक आढळला. या गटातील औषधे सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मूल अचानक अतिउत्साही, बेचैन किंवा आक्रमक होत असल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे. किशोरवयीन मुलांमध्ये आत्मघाताच्या विचारांकडेही लक्ष ठेवावे. त्याविषयीचा ठळक इशारा अमेरिकेत २००४ पासून या औषधांवर छापला जातो.

झोपेसाठी, झोपण्याची ठरलेली वेळ आणि मोबाईल-टीव्हीच्या पडद्यांपासूनचे अंतर हे उपाय करूनही अडचण राहिली, तर मेलॅटोनिन (झोपेचे चक्र सांभाळणारे संप्रेरक) हा सहसा पहिला पर्याय असतो. मात्र जेथे ते पूरक आहार म्हणून विकले जाते, तेथे वेष्टनावर लिहिलेली आणि गोळीत असलेली मात्रा यांत मोठी तफावत आढळलेली आहे. म्हणून उत्पादन कोणते घ्यायचे, हेही डॉक्टरांना विचारावे. सर्दीच्या औषधांतील गुंगी आणणारे घटक किंवा झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत, कारण काही मुलांमध्ये त्यांचा परिणाम उलटा होऊन मूल अधिकच चवताळते.

व्हॅल्प्रोएटचे नाव कधीकधी चिडचिडीसाठी पुढे येते. अपस्मार असेल तर त्याला जागा आहे, एरवी पुरावा कमकुवत आहे. यकृतावरील परिणामांची आणि वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत गर्भाला होणाऱ्या गंभीर अपायाची चर्चा ते घेण्याआधी झाली पाहिजे.

‘मूळ स्वमग्नताच घालवतो’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या उपायांविषयी थोडक्यात. सिक्रेटिन या संप्रेरकाच्या इंजेक्शनांची १९९८ च्या सुमारास मोठी लाट आली होती, आणि पुढच्याच वर्षीच्या नियंत्रित अभ्यासात त्यांचा उपयोग नसल्याचे दिसले. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या नाकातील फवाऱ्याच्या २०२१ मधील मोठ्या अभ्यासातही सामाजिक वागणुकीत निष्क्रिय फवाऱ्यापेक्षा फरक आढळला नाही. शरीरातून धातू काढून टाकण्याच्या नावाखाली केलेल्या किलेशनमुळे मुले दगावली आहेत. क्लोरीन डायऑक्साइड हे तर कपडे व कागद शुभ्र करण्यासाठी वापरले जाणारे रसायन आहे आणि ते मुलाच्या पोटात जाता कामा नये.

पाचवी पायरी: पहिल्या मात्रेपूर्वीची तयारी

औषध सुरू होण्याआधी मुलाची उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब नोंदवून घ्यावा. रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल द्यायचे असल्यास उपाशीपोटी रक्तातील साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) आणि चरबीचे घटक तपासून घ्यावेत. मुलाच्या हालचालींत आधीपासून काही झटके, तोंडाचे चाळे किंवा ताठरपणा आहे का, हेही लिहून ठेवावे. शक्य असल्यास साध्या हालचालींची छोटी चित्रफीत करून ठेवावी, कारण नंतर दिसलेली हालचाल जुनी की औषधामुळे आलेली, हा वाद केवळ आठवणीने सुटत नाही. कुटुंबात हृदयविकार, तरुण वयातील अचानक मृत्यू, मधुमेह किंवा द्विध्रुवीय विकार (अतिउत्साह आणि नैराश्य आळीपाळीने येणारा आजार) असल्यास तो डॉक्टरांना सांगावा. सुरू असलेल्या इतर औषधांचाही उल्लेख करावा: कार्बामाझेपिन हे रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल यांचे रक्तातील प्रमाण घटवते, तर फ्लुओक्सेटिन ते वाढवते.

डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर असाव्यात: औषध कोणत्या त्रासासाठी आहे, तो किती कमी झाला म्हणजे औषध लागू पडले असे मानायचे, त्यासाठी किती वेळ द्यायचा, कोणते दुष्परिणाम दिसल्यास दूरध्वनी करायचा आणि कोणते दिसल्यास थेट रुग्णालयात जायचे, एखादी मात्रा चुकल्यास काय करायचे, आणि पुढची भेट कधी.

मुलाला समजेल अशा पद्धतीने, शब्दांनी किंवा चित्रांनी, हे औषध कशासाठी आहे ते त्यालाही सांगावे. न कळणारे मूल नसते, सांगण्याची पद्धत वेगळी शोधावी लागते. जेवणात चोरून औषध मिसळण्याचा मोह होतो, परंतु ज्या मुलाला मोजकेच पदार्थ चालतात त्याने त्यांतीलही एक कायमचा सोडला, तर नवीच अडचण उभी राहते. रिस्पेरिडोन द्रवरूपात आणि जिभेवर विरघळणाऱ्या गोळीच्या रूपातही बनवले जाते. दीर्घकाळ हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या मात्र कुटून किंवा चावून घेऊ नयेत, कारण त्यामुळे पूर्ण मात्रा एकदम शरीरात उतरते. मेथिलफेनिडेटच्या काही कॅप्सूल उघडून आतील दाणे मऊ अन्नावर घालता येतात, काही घालता येत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी औषधविक्रेत्याला विचारून घ्यावे.

सहावी पायरी: अल्प मात्रेने सुरुवात, आणि एका वेळी एकच बदल

स्वमग्न मुले पुष्कळदा लहानशा मात्रेलाही तीव्र प्रतिसाद देतात. म्हणून सुरुवात शक्य तितक्या कमी मात्रेने होते. उदाहरणार्थ, अमेरिकेतील औषधपत्रकानुसार रिस्पेरिडोनची सुरुवात २० किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलात दिवसाला ०.२५ मिलिग्रॅमने आणि त्याहून अधिक वजनाच्या मुलात ०.५ मिलिग्रॅमने होते, आणि पुढची वाढ काही दिवस थांबून केली जाते. पहिल्या दोन दिवसांत फरक दिसला नाही म्हणून मात्रा वाढवण्याचा आग्रह धरू नये.

औषध सुरू केलेल्या आठवड्यात शाळा, थेरपिस्ट, आहार किंवा झोपण्याची खोली बदलू नये. दोन औषधे एकाच दिवशी सुरू करू नयेत. अन्यथा सुधारणा झाली तरी ती कशामुळे आणि बिघाड झाला तरी तो कशामुळे, हे समजत नाही. शाळेला औषधाविषयी सांगायचे की नाही हा पालकांचा अधिकार आहे. तरी एका तरी शिक्षकाला औषध कोणते ते न सांगता नोंदी ठेवायला सांगितल्या, तर पालकांच्या आशेने न रंगलेले मत मिळते. सिटालोप्रामच्या अभ्यासात निष्क्रिय गोळीवरही तिसरा हिस्सा मुले ‘सुधारली’ होती हे येथे आठवावे. औषध बहुधा त्रास शिगेला पोचलेला असताना सुरू होते आणि शिगेला पोचलेला त्रास पुष्कळदा आपोआपही उतरतो, त्यामुळे आधीच्या दोन आठवड्यांची वही आता उपयोगी पडते.

सातवी पायरी: दुष्परिणामांवर नजर

रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल घेणाऱ्या मुलांमध्ये सर्वांत नियमितपणे मोजायची गोष्ट म्हणजे वजन. सुरुवातीच्या महिन्यांत ते वरचेवर पाहावे. रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांनी आणि नंतर ठरावीक अंतराने पुन्हा करावी. भूक इतकी वाढते की मूल स्वयंपाकघरातून हलत नाही, असे झाल्यास ते मुलाच्या हट्टामुळे घडलेले नाही, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे. मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध जोडणे हे पर्याय डॉक्टरांकडे असतात. रिस्पेरिडोनमुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून छातीला सूज येणे, दूध स्रवणे किंवा पाळी थांबणे असे घडू शकते, आणि संकोचामुळे हे सांगायचे राहून जाते.

सर्वांत फसवा दुष्परिणाम म्हणजे अकॅथिसिया, अर्थात आतून येणारी, स्थिर बसूच न देणारी बेचैनी. प्रौढ माणूस ‘मला आतून कसेतरी होते आहे’ असे सांगतो. न बोलणारे मूल येरझाऱ्या घालते, पाय आपटते, रडते, चावते. पाहणाऱ्याला वाटते की मूळ त्रासच वाढला, म्हणून मात्रा वाढवली जाते, आणि वाढलेल्या मात्रेने बेचैनी आणखी वाढते. औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही दिवसांतच वागणूक बिघडली, तर पहिला संशय औषधावर घ्यावा आणि डॉक्टरांना तारखांसह तसे स्पष्ट सांगावे. हीच गोष्ट गुंगीच्या बाबतीत उलट्या बाजूने लागू होते: मूल शांत झाले म्हणून सगळे समाधानी असतात, आणि प्रत्यक्षात ते केवळ पेंगुळलेले असते. मूल हसते का, आवडीच्या गोष्टीकडे धावते का, शिकते का, हे पाहिल्यावाचून सुधारणेचा निष्कर्ष काढू नये.

पुढील लक्षणे दिसल्यास भेटीची वाट न पाहता रुग्णालयात जावे: मान किंवा पाठ एका बाजूला वाकून ताठ होणे, डोळे वर चढून तसेच राहणे, जबडा किंवा जीभ अडकणे. ही स्थिती भयावह दिसते, परंतु योग्य इंजेक्शनने लवकर उतरते. तीव्र ताप, संपूर्ण शरीर ताठ होणे, घाम आणि ग्लानी ही लक्षणे एकत्र दिसल्यास तो दुर्मीळ पण प्राणघातक ठरू शकणारा दुष्परिणाम असू शकतो. बेशुद्धी, फिट, छातीत दुखणे, चेहरा किंवा घसा सुजणे, अथवा मुलाने एकदम अनेक गोळ्या गिळणे यांतही विलंब नको. औषधे कुलूपबंद ठेवावीत. बाटली उघडण्यात तरबेज असलेल्या मुलांच्या घरी तर न चुकता.

आठवी पायरी: ठरलेल्या तारखेला आढावा

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत असे म्हटले आहे, की आक्रमक वागणुकीसाठी दिलेल्या अशा औषधाचा ३ ते ४ आठवड्यांनी आढावा घ्यावा, आणि ६ आठवड्यांत ठळक लाभ दिसला नाही तर ते थांबवावे. हा नियम मला अत्यंत हिताचा वाटतो, कारण प्रत्यक्षात न लागू पडलेले पहिले औषध तसेच ठेवून त्यावर दुसरे आणि दुसऱ्याच्या दुष्परिणामासाठी तिसरे जोडले जाते. काही वर्षांनी चार औषधे घेणारे मूल आणि त्यांतील कोणते कशासाठी हे न सांगू शकणारे पालक अशी अवस्था होते. नवे औषध सुचवले गेले की त्याच भेटीत ‘आधीचे कोणते कमी करायचे?’ असे विचारावे.

नववी पायरी: थांबवणे

औषध सुरू करतानाच ते कधी थांबवून पाहायचे, याची चर्चा व्हावी. लाभ टिकून असेल तर सहा महिने ते वर्षभराने मात्रा हळूहळू उतरवून मुलाला अजून औषधाची गरज आहे का, हे तपासले जाते. गरज खरोखर असू शकते: रिस्पेरिडोन सहा महिने लागू पडलेल्या मुलांच्या एका अभ्यासात, ते हळूहळू काढून निष्क्रिय गोळी दिल्यावर ६२.५ टक्के मुलांचा त्रास परतला, तर औषध चालू ठेवलेल्यांपैकी १२.५ टक्के मुलांचा. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, एक तृतीयांशाहून अधिक मुलांचे औषधावाचून त्या काळात नीट चालले.

उतरवण्याचा काळ परीक्षा, प्रवास, घरबदल किंवा शाळेच्या नव्या वर्षाच्या तोंडावर नसावा. औषध एका दिवसात बंद करू नये. वेळापत्रक डॉक्टरांकडून लेखी घ्यावे आणि वहीतील नोंदी पुन्हा सुरू कराव्यात. मात्रा उतरवताना काही दिवस झोप मोडणे, मळमळ, चिडचिड किंवा तोंडाच्या व हातापायांच्या नव्या अनैच्छिक हालचाली दिसू शकतात. अशा हालचाली काही आठवड्यांत बहुधा विरतात, तरी डॉक्टरांना चित्रफितीसह दाखवाव्यात. मात्रा कमी केल्यानंतर लगेच उसळलेला आणि काही दिवसांत ओसरलेला त्रास हा सहसा औषध सुटण्याचा असतो. काही आठवड्यांनी, पूर्वीच्याच रूपात आणि हळूहळू वाढत येणारा त्रास हा मूळचा असण्याची शक्यता अधिक. हा फरक नोंदवहीतील तारखांवरून करता येतो, आणि मूळचा त्रास परतला असल्यास ज्या सर्वांत कमी मात्रेवर मूल ठीक होते तेथेच परत जाता येते का, हे डॉक्टरांसोबत ठरवावे.